तिसऱ्या मजल्यावरची निळी चिंधी

माझा माणसांवर विश्वास कमी आणि तारांवर त्याहून कमी. घरापासून लांब, हिंदी मुलखात, सोडाल्यातल्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं तारांचं कपाट उघडलं आणि कपाळावर आठी पडली. एवढ्या तारा, पण एकीवरही छापील लेबल नाही. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. कुठे निळी वेल, कुठे लाल बुट्टी.

हे काम आमच्या वायरमनचं. जवळच्या बगरू गावचा माणूस, पन्नाशी उलटलेला. घरी भाऊ कापडावर ठसे मारतात, हा कंत्राटावर आमच्याकडे तारा ओढायचा.

"गर्मी में स्टिकर का गोंद पिघल जाता है, मॅडमजी. चिंदी कहीं नहीं जाती," तो म्हणाला.

मी मान डोलावली, पण मला ते पटलं नाही. ज्या कामाचा नकाशा फक्त एकाच्या डोक्यात, त्या एकाला कोण काढणार? आमच्या सांगलीत असले शहाणे पुष्कळ पाहिलेत मी. तो रोज आदबीने चहा विचारायचा, तर तेवढ्यावरूनही मला वाटायचं, हा मला गुंडाळतोय.

मग ते नेटवर्क पडणं सुरू झालं. आमच्याकडे रचना साधी होती. तळमजल्यावर एक मोठा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकमेकींना जोडणारी पेटी, प्रत्येक मजल्याच्या कपाटात त्याच्या हाताखालचा एकेक, आणि मीटिंगच्या खोलीत टेबलावर एक छोटा डबा, लॅपटॉप जोडायला. या डब्याला अक्कल नसते, येईल ते पुढे ढकलणं एवढंच त्याला येतं. कधी सकाळी, कधी दुपारी तिसऱ्या मजल्यावरची माणसं ओरडायला लागायची. कपाटातल्या स्विचचे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकायचे. मी बंद-चालू करून घामाघूम व्हायचे, आणि तासाभराने सगळं आपोआप सुरळीत.

आपोआप काही होत नसतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी वही केली आणि प्रत्येक वेळी मजल्यावर कोण होतं ते लिहायला लागले. आठ दिवसांत उत्तर मिळालं. दर वेळी वायरमन. मीटिंगआधी पडदा आणि एसी लावून द्यायला तोच यायचा. तो आला की नेटवर्क झोपायचं.

तिलक नगरमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीवरून आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. त्याला एकदा विचार तरी."

"चोर कधी सांगतो का, आई?" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना मेल लिहिलं. सोबत वहीच्या पानांचे फोटो जोडले. वायरमन मुद्दाम बिघाड करतोय, म्हणजे आपल्याला त्याची गरज वाटावी, असं स्वच्छ लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याचा पास रद्द झाला. गेटवर त्याने मला पाहिलं, हात जोडले आणि काही न बोलता गेला. बघा, गप्प राहिला, असं मी मनात म्हणाले.

पुढचा आठवडा शांततेत गेला. मी खुशीत होते. मग एका सकाळी साहेबांकडे पाहुणे आले, आणि वायरमन नसल्यामुळे खोली उघडायला मीच गेले. भिंतीवरचं बटण दाबलं. पडदा उजळला, एसी सुरू झाला, टेबलावरच्या डब्याचे दिवे लागले. पाठोपाठ माझा फोन वाजला. नेटवर्क गेलं होतं.

मी डब्याकडे पाहिलं. शेजारशेजारच्या दोन भोकांत दोन तारा, दोन्हींवर निळी वेल. एकच चिंधी म्हणजे एकच तार. तिची दोन्ही टोकं त्याच डब्यात होती, त्यामुळे आत शिरलेली प्रत्येक गोष्ट गोल गोल फिरून सगळ्या मजल्याचा श्वास कोंडत होती. मीटिंग संपून भिंतीवरचं बटण बंद झालं की ते थांबायचं, आणि गेल्या आठवड्यात मीटिंगच नव्हती.

ते मोकळं टोक कुणी खोचलं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. लोंबकळती तार मला बघवत नाही. रोज संध्याकाळी निघताना मी सगळ्या खोल्यांतून फिरते आणि सुटलेली टोकं रिकाम्या भोकात नीट लावून टाकते. आणि असा वळसा ओळखून ती वाट बंद करणारी सोय कपाटातल्या स्विचमध्ये असते, पण ती मीटिंगच्या ऐन वेळी कटकट करते म्हणून या खोलीपुरती मीच बंद केली होती. मशीनचा संशय मला नको होता. माझा मात्र खरा वाटत होता.

तार उपसली. मिनिटभरात सगळं सुरू झालं. कुणाला काही कळलं नाही, आणि खरं सांगते, तसंच राहू द्यावं असं मला दिवसभर वाटलं.  संध्याकाळी साहेबांना दुसरं मेल लिहिलं, चूक माझी होती, त्याला परत बोलवा म्हणून. साहेब म्हणाले, "नया कॉन्ट्रॅक्टर आ गया है. अब छोड़ो."

रविवारी मी बगरूला गेले. तो अंगणात भावांबरोबर कापडं वाळत घालत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेल, वही, तार, माझा हात. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मग चहा मागवला. या वेळीही मला क्षणभर वाटलं, आता हा काहीतरी सुनावणार.

"चिंदी तो देख लेतीं, मॅडमजी," तो म्हणाला. "दोनों सिरों पर एक ही बाँधता हूँ. इसीलिए तो बाँधता हूँ, कि मैं ना रहूँ तो भी सबको दिखे."

तो कामावर परत आला नाही. त्या रविवारी मी निघताना त्याने उरलेल्या चिंध्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. नवीन कॉन्ट्रॅक्टरच्या स्टिकरांचा गोंद मे महिन्यात वितळला, तेव्हा मी तो गठ्ठा सोडला आणि कपाटासमोर बसून एकेक तार बांधायला घेतली.