चपला काढून बसायची गाडी

आमच्या बाबारावदादाच्या गाडीत बसायचं तर आधी चपला काढाव्या लागत. काढायच्या, एकमेकींवर आपटून झटकायच्या आणि हातात धरून आत शिरायचं. नियम सगळ्यांना एकच. लग्नाच्या वरातीत खुद्द नवरदेवाला त्याने अनवाणी आत बसवलं होतं. पाण्याचा तर थेंब चालत नसे. कुणाला तहान लागली की हा गाडी थांबवायचा, खाली उतरवायचा आणि रस्त्यात उभं राहून पाणी प्यायला लावायचा.

नागपुरात सदरमधल्या एका वकिलाकडून घेतलेली ती जुनी अँबॅसिडर. दादा हिंगण्याच्या कारखान्यात फोरमन होता, पण कामावर जायचा कंपनीच्या बसने. गाडी अंगणात, कडुनिंबाखाली, पांघरूण घेऊन.

"गाडी असून बसमंदी काहून लटकतं गा?" मी विचारायची.

"रोज वापरली तं झिजन नाही काय?" दादाचं उत्तर तयार.

मी वर्ध्याला शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्याची सुटी दादाकडे काढायची. सुटीभर आमचं वाजायचं. पण त्याच्यावर माझा जीव होता हेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायचा.

चौऱ्याहत्तरचा मे महिना होता. दादाची एकुलती एक लेक, पुष्पलता, काटोलला दिलेली. तिला सातवा लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं. तिच्या सासूने निरोप धाडला की गुरुवारी मोटार घेऊन या, पोर पाठवते. या उन्हात तिला एसटीत बसवणार नाही, मोटार नाही आली तर बाळंतपण इथेच होईल. सासूचं काही चुकत नव्हतं. इकडे तुळसावहिनीने मागची खोली सारवली, खाट कोपऱ्यात ओढली, डिंक आणला. त्या गुरुवारापलीकडे तिला काही दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी दादा बससाठी निघाला आणि पायरीवरच थबकला. गाडीखाली पाणी! नागपूरचा मे, अंगणात ओतलेली बादली डोळ्यांदेखत वाळते, आणि इथे टपटप ताजं पाणी पडत होतं. दोन चिमण्या त्यात मजेत आंघोळ करत होत्या.

"रेडिएटर गेला," दादाने निकाल दिला. बस सोडली, सुटी टाकली आणि नत्थू मिस्त्रीला बोलावून आणलं.

नत्थूने बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी काठोकाठ.

"बाबारावजी, हे तं भरून हाय. गळते तं कमी काहून नाही झालं?"

"पाइप असंन. बदल."

पाइप बदलला. मंगळवारी पाणी पुन्हा हजर, आदल्या दिवसापेक्षा जास्त. रेडिएटर पुन्हा काठोकाठ.

"तुमची गाडी पाणी पेत नाही, देऊन राहिली," म्हणत नत्थूने पाने गुंडाळले आणि गेला.

"बरंच झालं ना दादा," मी म्हटलं. "नळ घडीभर येते. गाडीखाली घागर लावून ठेवत जाऊ." त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही.

बुधवारी तर गाडीखाली लहानसं डबकंच झालं. दादा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग वहिनीकडे वळला. "मी नाही नेत गाडी. काटोलच्या रस्त्यानं मधातच बंद पडली तं पोटुशी पोर घेऊन कुठं उभा राहू? तिथंच होऊ दे बाळंतपण."

वहिनी डिंक कुटत होती. तिचा हात थांबला. "आजच्या दिवस पाहा ना जी," एवढंच ती म्हणाली. तो आवाज ऐकून मी उठले. थट्टा पुरे झाली, म्हटलं आता आपणच बघावं.

डबक्यावर कोरडी माती टाकली, चुलीतली राख टोपलीत भरली आणि दादाला घेऊन गाडीखाली पुढपासून मागपर्यंत पसरली. जिथे थेंब पडेल तिथे राखेत खड्डा दिसेल, इतकं साधं होतं. आम्ही ओसरीवर बसलो. चहा झाला. मग दोघंही जमिनीला गाल लावून आडवे झालो. इंजिनाखालची राख कोरडी ठणठणीत! खड्डे होते ते मागच्या सीटखाली.

"तिथून तं पाण्याची नळीच जात नाही," दादा बुचकळ्यात पडला.

मी हात लांब करून ओंजळीत चार थेंब धरले आणि नाकाशी नेले. "दादा, तुया रेडिएटरले वाळ्याचा वास येते काय गा?"

ओसरीवर वहिनीने हातातला कप घाईने खाली ठेवला.

दादाने मागचं दार उघडलं, तेवढ्यातही चपला काढल्या, आत गेला आणि सीट उचलली. खाली वाळ्याची गादी होती. वहिनीच्या जुन्या हिरव्या लुगड्यात शिवलेली, चिंब भिजलेली. ते लुगडं दादाने ओळखलं.

"हे काय वं?"

"मले खरंच वाटलं का रेडिएटर गळते," वहिनी म्हणाली. "तुमीच म्हणून राहिले होते ना. किती पाणी टाकलं का काटोलवरून येईपर्यंत थंडं राहीन, ते पाहून राहिली होती मी. तुमी पूजेले बसले का टाको. दुपारून पाहो तं वाळून जाय, म्हणून रोज पाणी वाढोलं."

"मले सांगाचं नाही काय?"

"सांगतलं असतं तं ठेवू देल्लं असतं तुमी?"

मला हसू फुटत होतं, पण वहिनीचं संपलं नव्हतं.

"पुष्पीच्या वेळेस तुमी मले माहेरी पोचवाले आलते. एसटी होती, असंच ऊन. इंजिनाजवळची जागा भेटली. मले वाटे, लेकरू पोटातच भाजून जाते. तुमी बाजूलेच बसले होते, पेपर वाचत. मी काही बोलली नाही."

ती रागावून बोलत नव्हती, म्हणूनच ते ऐकवेना. दादा ती गादी हातात धरून उभा होता आणि पाणी त्याच्या इस्त्रीच्या पँटवर गळत होतं.

"शोभे, बादली आण," तो शेवटी म्हणाला.

मला वाटलं, आता वाळा उकिरड्यावर जाणार. पण दादाने गादी बादलीत बुडवली, दाबून दाबून भिजवली आणि आपल्या हाताने सीटखाली नेऊन नीट बसवली. "अजून वाळा हाय काय घरात? खिडकीलेही लावू." माझ्या भावाने जन्मात कुणाची माफी मागितली नाही. मागितली ती ही अशी, हे वहिनीलाही कळलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि सुई-दोरा शोधायला आत गेली.

गुरुवारी आम्ही तिघं पाण्याची रेघ ओढत काटोलला पोचलो. बाजारात एकजण ओरडला, "ओ भाऊ, गाडी गळून राहिली!"

"गळू द्या!" दादा तितक्याच जोरात ओरडला.

पुष्पा बाहेर आली. पोट पुढे, पाय सुजलेले, चपलांचे पट्टे रुतलेले. सवयीने तिने गाडीचं दार धरलं आणि चप्पल काढायला वाकू लागली. वाकता येईना.

"राहू दे वं," दादा म्हणाला. "तशीच बस."

पुष्पाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बापाला ऊन लागलंय. "बाबा, माती हाय पायाले."

"असू दे. बस म्हणलं ना."

ती बसली. ओल्या वाळ्याचा गारवा लागला तशी तिने डोळे मिटले. "कित्ती थंडं हाय वं आई!" वहिनी लेकीचा हात धरून बसली. दादा स्वच्छ असलेली काच पुन्हा पुसू लागला. माझेही डोळे भरून आले.

नियम उठला असं समजून मीही चपलांसकट पुढच्या सीटवर पाय ठेवला.

"शोभे," दादा मान न वळवता म्हणाला, "तुये पाय कुठं सुजले? काढ चपला."

नागपूर येईपर्यंत त्या माझ्या मांडीवर होत्या.