लंकेचा डोळा

दादा गेला तेव्हा रडण्याआधी मी पंखा बंद केला. वाऱ्याने बुबुळ सुकतं, हे त्यानेच मला शिकवलं होतं. मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि नेत्रपेढीला फोन लावला. सकाळचे सहा वाजले होते. माणूस निघतोय, म्हणाले. पण सहा तासांच्या आत डोळे काढायला हवेत, आणि वहिनीची सही हवी.

माझा हा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. उजव्या डोळ्यात फूल पडून दिसेनासं झालं, तेव्हा बदलायला इकडे बुबुळ मिळेना. शेवटी आलं ते श्रीलंकेतून, कुणा गेलेल्या माणसाचं. नाव सांगत नाहीत. पट्टी सुटल्यावर धामापूरच्या तळ्याकाठी उभा राहून म्हणाला, रावणाच्या गावचा डोळा आमच्या पाण्याला नावं ठेवत नाही हो! मग चेष्टा थांबली. "बाय गो, ह्यो डोळो माका परत देवचो आसा." दोन्ही डोळ्यांच्या दानाचा अर्ज भरला, साक्षीदार मी. खाली लाल शाईने लिहिलं, 'कुठल्याही देशात पाठवा.' लंकेचा नाही चालला तर डावा तरी चालेल, म्हणायचा.

वहिनी नाही म्हणाली नाही. तिने एवढंच म्हटलं, "तेवा देवाक इचारलेला. आता न इचारता कसा देवचा?" दादाला तो डोळा बसवायच्या वेळी देवाला कौल लावायला तिला देवळात मीच घेऊन गेले होते... आता आम्हाला सुतक, म्हणून शेजारचे आबा गेले. कौल लावणारा गुरव लेकीकडे आंबोलीला गेलेला. एसटीने यायचा होता. नेत्रपेढीचा माणूस बर्फाचा डबा घेऊन पडवीत बसून होता. मी कापूस भिजवत होते, घड्याळ बघत होते. वहिनीचा हात धरून सही करून घ्यावी, असं दहादा वाटलं. तिचा राग आला, माझा त्याहून जास्त.

आबा धापा टाकत आले तेव्हा एक वाजून गेला होता. "देवान उजवो कौल दिल्यान." उजवा कौल म्हणजे होकार. वहिनीने लगेच पेन उघडलं. नेत्रपेढीच्या माणसाने घड्याळाकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि रिकामा डबा उचलला.

दीड महिना झाला. दादाच्या खोलीत वहिनी घामाने निथळत बसते. परवा मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर तिने मनगट धरलं.

"रवांदे गो," म्हणाली. "डोळे सुकतले."