असल कागदाची खरी नक्कल

जिंतुरात होतो तेव्हा माझ्या सहीशिवाय तालुक्यात कुणाचं काही खरं नव्हतं.

मी गुरांचा डॉक्टर. पण सरकारी, आणि राजपत्रित! ज्याचं नाव सरकारच्या गॅझेटात छापून येतं, त्यानं हिरव्या शाईनं सही केली की नक्कल खरी ठरते, असा तेव्हा कायदा होता. त्यामुळं आमच्या दवाखान्यात डावीकडं म्हशींची रांग आणि उजवीकडं पोरांची. म्हशी निदान शांत उभ्या राहायच्या. पोरांना मात्र नोकरीच्या अर्जाची शेवटची तारीख नेहमी आजचीच असायची. मी एका हातानं म्हशीचं पोट तपासायचो आणि दुसऱ्या हातानं दहावीची मार्कलिस्ट. (हात मधे धुवायचो. लोक काहीबाही बोलतात म्हणून सांगून ठेवतो.) वीस वर्षं शिकलेल्या पोराचा कागद खरा आहे, हे ढोरांच्या डॉक्टरनं सांगितल्याशिवाय सरकारला पटत नाही, याचा मला संताप यायचा. संताप यायचा आणि छातीही फुगायची. दोन्ही एकदमच.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या आसपासची. माझी धाकटी बहीण वत्सला, म्हणजे आमची वच्छी, परभणीत एका दवाखान्यात नर्स होती. तिला मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तीन वर्षं ती यासाठी अर्ज करायली होती. घरात रोज एक स्थळ यायचं आणि रोज ती त्या स्थळात काहीतरी खोट काढायची. आई रडायची, अण्णा बोलायचे नाहीत. शेवटी अण्णांनी तिला सांगितलं की ह्या खेपेला जमलं तर जा, नाही जमलं तर पुढच्या स्थळाला मान हलवायची. वच्छीनं कबूल केलं. तिचं सगळं आयुष्य त्या एका नोकरीवर येऊन ठेपलं होतं आणि ती नोकरी एका कागदावर: नर्सिंगचं मूळ प्रमाणपत्र. मुंबईच्या एजंटचं पत्र आलं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद हातात पडले पाहिजेत, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला पाठवू.

पत्र इंग्रजीत होतं. ते घेऊन वच्छी एस.टी.नं जिंतूरला माझ्याकडं आली, कारण घरात इंग्रजीचा अधिकारी मीच. मी चष्मा लावून वाचलं. प्रमाणपत्राचं अटेस्टेशन नकलेवर नको, ओरिजिनलवर पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अटेस्टेशन! म्हणजे माझाच प्रांत की! मी प्रमाणपत्र टेबलावर सरळ केलं आणि गफूरमामूला शिक्का आणायला सांगितलं.

गफूरमामू आमचे ड्रेसर. गुरांच्या जखमा बांधणं हे त्यांचं काम, पण शिक्के मारण्यात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला, जाड कागदावरून बोट फिरवलं आणि पुन्हा खाली ठेवला.

"डॉक्टरसाब, ये तो असली हैना?"

मी म्हणालो, असलीच आहे, म्हणून तर मारायचा. वच्छीही म्हणाली की दादा, ते शिक्के मुंबईला मारनारेत, मग दिल्लीला, आपल्याला काही करायचं न्हाई. तिचं खरं होतं. पण मी तिचा दादा. मला वाटलं, मुंबईचा अधिकारी राजपत्रित, दिल्लीचा राजपत्रित, मग जिंतूरचा काय रस्त्यावर पडलाय? खालून सुरुवात नको का व्हायला? मी तिला असंच ऐकवलं. वर हेही ऐकवलं की माझी सही बघितल्यावर मुंबईवाल्याला पुढं बघायचंच कारण राहणार नाही.

(हे मात्र तंतोतंत खरं झालं.)

मामूंनी शिक्का मारला. प्राचार्यांच्या सहीच्या शेजारी, चांगली मोकळी जागा बघून. मी खाली हिरव्या शाईनं सही ठोकली, शेजारी दवाखान्याचा गोल शिक्का. कागद एकदम भारदस्त दिसायला लागला.

आता तो शिक्का काय होता हे सांगितलंच पाहिजे. लाकडी मुठीचा, लांबट. त्यावर उलट्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिलेली खरी नक्कल'. नोकरीला लागल्यापासून मी तो शिक्का हजारो वेळा वापरला, पण कधी वाचला नव्हता. आपला शिक्का वाचत बसतं का कुणी?

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, रस्ता रोको झाला तर एस.टी. दोन दोन तास एका जागी उभी राहायची. म्हणून आम्ही बुधवारीच निघालो, परभणीपर्यंत एस.टी., तिथून मीटरगेजच्या छोट्या गाडीनं मनमाड, तिथं गाडी बदलून मुंबई. वच्छीनं प्रमाणपत्र वहीच्या पुठ्ठ्यात घालून पोटाशी धरलं होतं. मी बरोबर होतो कारण मुंबईत बाईमाणसाचं ऐकत नाहीत, राजपत्रित अधिकारी बरोबर असलेला बरा, असं मीच घरात जाहीर केलं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही मुंबईचा शिक्का मारणाऱ्या त्या सरकारी ऑफिसात रांगेला लागलो. बाराच्या सुमाराला खिडकी आली. खिडकीतल्या कारकुनानं प्रमाणपत्र घेतलं, उलटलं, पुन्हा सुलटं केलं, आणि वच्छीकडं परत सरकवलं.

"ही नक्कल आहे. मूळ आणा."

वच्छी म्हणाली की हेच मूळ आहे. तो म्हणाला, "बाई, हे मी म्हणत नाही. ह्या अधिकाऱ्यानं लिहून दिलंय. त्यांनी मूळ पाहिलं, पडताळलं, मग ह्या नकलेवर सही केली. म्हणजे मूळ कुठंतरी आहे. ते आणा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली! मी पुढं झालो. म्हणालो, कागदाची जाडी बघा, उठावाचा शिक्का बघा, बोट फिरवून बघा, ही काय नक्कल दिसते का? त्यानं खरंच बोट फिरवलं आणि म्हणाला की हल्ली नकला फार छान निघतात. मी म्हणालो, डोळे आहेत का नाहीत? तो म्हणाला की डोळ्यांवर सरकार चालत नाही, सहीवर चालतं. हे वाक्य मी स्वतः जिंतुरात उजवीकडच्या रांगेला किती वेळा ऐकवलं होतं!

मग त्यानं गोल शिक्का वाचला आणि भुवया वर गेल्या. "पशुवैद्यकीय? नर्सच्या कागदावर गुरांचा डॉक्टर?" मी तडकून विचारलं की त्यात काय वाईट आहे, राजपत्रित आहे तो. तो माझ्याकडं बघायला लागला. ह्या माणसाला तुम्ही ओळखता का, असं त्यानं विचारलं.

आता मी खरं सांगायला पाहिजे होतं. मागं तीस माणसांची रांग, आणि पुढं हा. माझ्या तोंडून निघालं, "तोंडओळख आहे. माणूस चांगला आहे."

वच्छीनं माझ्याकडं बघितलं.

कारकून मनानं वाईट नव्हता, हे मला कबूल केलंच पाहिजे. (तेव्हा कबूल केलं नव्हतं.) मुलीची नोकरी जाते आहे म्हटल्यावर त्याला कळवळा आला. तो म्हणाला, ह्या डॉक्टरनं बेजबाबदारपणा केलेला आहे. त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार द्या, म्हणजे तक्रारीच्या आधारावर मॅडमकडं प्रकरण नेता येईल. त्यानं कोरा कागद दिला, पेन दिलं, आणि कुणाला तरी उठवून बाकावर जागाही करून दिली.

आणि वच्छी लिहायला बसली! सख्खी बहीण, पाठची! मी शेजारी बसून बघायलोय आणि ती लिहायलीय, 'सदर डॉक्टरांनी पूर्ण विचार न करता.' मी हळूच म्हणालो की 'पूर्ण' कशाला, नुसतं 'विचार न करता' पुरे. तिनं 'पूर्ण' खोडलं आणि 'अजिबात' लिहिलं. पुढं लिहिलं की सदर डॉक्टरांना दोन माणसांनी वेळेवर सांगूनही त्यांनी ऐकले नाही. मी म्हणालो, अगं, माझी नोकरी जाईल. तिनं पेन थांबवलं. डोळे भरून आले होते पण आवाज जागेवर होता.

"दादा, माझी गेलीच हाय. आता तुझी तोंडओळख तरी सांग खरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या पोरीनं तीन वर्षं अर्ज केले, स्थळं परतवली, आईचं रडणं सोसलं, आणि मी एका मिनिटात, फुशारकीपायी, तिचं दार लावून घेतलं होतं. मी उठलो, खिडकीपाशी गेलो आणि कारकुनाला सांगितलं की तो गाढव मीच. 'गाढव' हा शब्द त्यानं वापरला नव्हता, पण माझा व्यवसाय पाहता तो मला सहज सुचला.

त्यानं आम्हाला आत मॅडमकडं नेलं. मॅडम पन्नाशीच्या, टेबलावर कागदांचे ढीग, आणि चेहऱ्यावर कसलाही राग नाही. मला रागच बरा वाटला असता! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आधी तुम्ही तेच डॉक्टर आहात हे सिद्ध करा. मी ओळखपत्र दाखवलं. म्हणाल्या, सही करून दाखवा. मी केली. अक्षर न् अक्षर इतकं जपून काढलं की सही जुळेना. दुसरी केली, ती त्याहून वाईट. तालुक्याभरच्या पोरांना खरं ठरवणारा मी, आणि मीच खरा ठरेना! तिसऱ्या वेळी डोळे मिटून, घाईघाईत, शेजारी म्हैस उभी आहे असं समजून केली, तेव्हा जुळली.

मॅडमनी वच्छीला विचारलं की हे तुमचे कोण. वाटलं, आता ही पण तोंडओळख म्हणते.

"भाऊ हाय, मॅडम. लय जीव हाय त्याचा माझ्यावर. म्हनून तर एवढं झालं."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी मला समोर बसवून जबाब सांगितला आणि मी लिहून घेतला: मी खाली सही करणार लिहून देतो की, सोबतचे प्रमाणपत्र हे मूळ असून, त्यावर नक्कल असल्याचा शिक्का मी स्वतःच्या चुकीने मारला आहे, सदर चुकीशी अर्जदार मुलीचा काहीही संबंध नाही, आणि यापुढे मी कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही. हे शेवटचं कलम कायद्यात कुठं बसतं, हे मला आजतागायत समजलेलं नाही. पण विचारायची सोय नव्हती. मी खाली हिरव्या शाईनं सही केली. मॅडमनी प्रमाणपत्र उलटं केलं, पाठीवर शिक्का मारला, सही केली, आणि ते दोन्ही हातांनी वच्छीला दिलं. वच्छीनं ते घेतलं आणि तिथंच, त्या ऑफिसात, वाकून त्यांच्या पाया पडली. इतक्या वेळात पहिल्यांदा ती रडली. मला मात्र तिथं रडायचा काही अधिकार उरला नव्हता.

निघताना मॅडम म्हणाल्या की जबाबाची एक नक्कल बाईंजवळ असू द्या. समोरच्या बाजूला हा नकलेचा शिक्का कसा, असं दिल्लीत कुणीही विचारेल. खाली झेरॉक्स आहे, काढून आणा, सही-शिक्का करा आणि मूळ जबाब मला फाइलला परत द्या. मी विचारलं, सही कुणाची? त्या म्हणाल्या, "तुमचीच करा. ह्या विषयात तुमच्याइतका जाणकार माणूस मला दुसरा माहीत नाही."

झेरॉक्स काढलं. जिन्याच्या पायरीवर बसून मुंबईत अडलं तर असावा म्हणून आणलेला शिक्का आणि पॅड मी बॅगेतून काढलं. मांडीवर दोन कागद: एक काळं-पांढरं झेरॉक्स, आणि एक मूळ, ज्यावर माझी स्वतःची हिरवीगार सही. आंधळ्यालाही ओळखू यावं! मी शिक्का पॅडवर दाबला, उचलला, आणि वच्छीनं माझं मनगट घट्ट धरलं.

हात मुळावर होता.

तिनं शिक्का माझ्या मुठीतून काढून घेतला, झेरॉक्सवर नीट मारला, आणि त्याच्या खाली बोट ठेवलं.

"दादा, हितं. तू निस्ती सही कर."

मी केली. ती बोट काढीपर्यंत पेनही उचललं नाही.