कॅलेंडरवरचा दुसरा गोल

रेणुकावहिनी गेल्याची बातमी मला कुणी सांगायची वेळ आली नाही. कलबुर्गीच्या रुग्णालयात ज्या खोलीत मी यंत्र चालवते, तिथंच, माझ्या डोळ्यांसमोर ती गेली…

आमच्या खोलीत मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकवून आतला रक्तस्राव थांबवतात. वहिनीची आधीची दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. तिसऱ्या खेपेला बाळाची वार गर्भाशयात जुन्या टाक्यांच्या जागी रुतून बसली होती. म्हणून ठरलं, की आधी नळ्या घालून ठेवायच्या आणि बाळ बाहेर आलं की त्यांच्या टोकाचे फुगे फुगवायचे. रक्तस्राव सुरू व्हायच्या आत भरती व्हायचं, ही एकच अट. ऐकून वहिनी पोट धरून हसली. "फुगा फुगवून रगत थांबतंय व्हय गं सुमे? जत्रंतलाच आण की मग एक!" मला वाटलं, किती धीराची आहे. घाबरली की ती जास्त हसायची, हे माझ्या भावानं, अण्णानं नंतर सांगितलं.

भरतीचा मंगळवार. आमच्या हळ्ळीखेडच्या घरी, चुलीवरच्या भिंतीवरल्या कॅलेंडरवर तिनं स्वतः गोल केला होता. पण बुधवारी येळवस. त्या अमावस्येला आमच्याकडं गाव ओस पडतं, सगळे शेतात. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भरलेलं मडकं, डोक्यावरून शेतातल्या कडब्याच्या कोपीपर्यंत न्यायचा मान लग्न झाल्यापासून तिचा. रविवारी मी गेले तर येळवसच्या भज्जीच्या भाजीसाठी शेंगा सोलत बसलेली. "येळवस करून येऊ का गं? बिंदगं उचलत न्हाई, नुस्ती बसते." अण्णा माझ्याकडं बघायला लागला. घरात यातलं कळणारी मी एकटी. मी नाही म्हणायला हवं होतं. उलट मीच पेन घेतलं अन् गुरुवारला गोल केला.

बिंदगं तिनं खरंच उचललं नाही. कोपीसमोर पंगत बसली आणि रक्त जायला लागलं. कलबुर्गीला पोचेपर्यंत फार उशीर झाला. ऑपरेशनमध्ये मुलगी वाचली. वहिनीला आमच्या टेबलावर आणलं, तेव्हा मांडीतली नाडी डॉक्टरांच्या बोटाला लागेना.

गेल्या आठवड्यात घरी गेले. नवं वर्ष लागलं तरी भिंतीवर जुनंच कॅलेंडर. काढायला हात घातला तर अण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तिच्या हातचा गोल हाय त्यावर."

मधला बुधवार सोडून, शेजारीच माझ्या हातचा गोल होता.