पाठीवर दाणा वाहणारी मुंगी

लेकीच्या शाळेत गृहपाठ होता: स्वतःचा एक धर्म तयार करा. तो कुठून आला, काय मानतो, हे पालकांसमोर सांगायचं. इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या आमच्या नास गावच्या लायब्ररीतून तिनं मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या जुन्या कथा आणल्या होत्या. त्यांच्या मते आधीचे चार सूर्य संपले, हा पाचवा. तिथून पुढचं सगळं हिचं. पाचवा सूर्य भुकेनं उगवेना. देव नुसते चर्चा करत बसले. शेवटी एका मुंगीनं मक्याचा दाणा पाठीवर घेतला आणि ती आभाळ चढली. म्हणून या धर्मात पुजारी नाही. जो ओझं वाहतो तो मोठा.

घरी तिची तयारी ऐकताना मला माझे वडील, अण्णाच दिसले. जन्मभर मार्केट यार्डात हमाली केली त्यांनी. त्या पोत्यांवर मी इंजिनिअर झाले, घरातली पहिली पदवीधर. ऑफिसात कुणी विचारलं तर मी हे ताठ मानेनं सांगते.

पण बाईंनी बजावलं होतं की करायला विधी नसेल तर तो धर्म नाही, नुसती गोष्ट. आणि हिला विधीच सुचेना. नाहुआंचे बळी नको होते. मी आरती सुचवली, तर म्हणाली, ती आपली आहे, मुंगीची नाही. शाळेत पोचलो तरी विधी ठरला नव्हताच.

हॉलमध्ये पालकांसमोर बोलताना तिचा हात लागून टेबलावर मांडलेली मक्याच्या दाण्यांची वाटी सांडली. दाणे पार खुर्च्यांखाली गेले. एक माझ्या बुटाखाली आला. मी वाकून उचलला आणि कपाळाला लावला. अन्नाला पाय लागला की आमच्यात हेच. हात आपोआप जातो. शेजारच्या आयरिश आजोबांना वाटलं, असंच करायचं असणार. तेही गुडघा धरून वाकले. मग मागची रांग. बघता बघता सगळा हॉल कपाळाला दाणे लावत होता.

बाईंनी विचारलं, हा विधी कुठून आला?

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलली, एवढंच मराठीत: "माझे आजोबा हमाल आहेत." मग हमाल म्हणजे काय, ते तिनं सगळ्यांना समजावलं, अगदी सावकाश.

सकाळी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे. दाणे समदे उचलले का, बाळ?"

"उचलले, अण्णा. आयरिश लोकांनी उचलले."