सरदारानं फेटा कधी उतरवायचा

परवा एक गृहस्थ घरी आले. नव्यानं लिहायला लागलेले. म्हणाले, शृंगार कसा लिहायचा तेवढं सांगा. माझी कंबर धरलेली, सकाळपासून चहासुद्धा धड झालेला नाही, आणि ह्यांना शृंगार पाहिजे! लोकांना वाटतं, गजरा, पदर आणि कंबर एका ओळीत बसवली की झालं. डोंबलाचं झालं! अहो, कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण कुणाच्या दारात आलंय, एवढं आधी ठरवा. आणि एकदा ठरवलं की शेवटपर्यंत मोडू नका. बाकीचं ढोलकी बघून घेते.

सांगायला सोपं आहे. पण हे न मोडता वग शेवटास नेताना माझ्या नाकीनऊ आले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी साताऱ्याकडच्या एका तमाशा फडाचा शाहीर होतो. लावण्या मी लिहायच्या, वगाचे प्रवेश मी सांगायचे, पण बोलणी ज्यानं त्यानं उभ्या जागी करायची, अशी फडाची रीत. म्हणजे मी घर बांधायचं आणि राहणाऱ्यानं वाटेल तिथं दार पाडायचं. त्यातून फडाचा मालकच सरदाराचं सोंग घ्यायचा. सोंगात सरदार, बाहेर मालक. त्याला कोण सांगणार?

वग असा होता : लढाईवरून परतलेला सरदार एका कलावंतिणीवर भुलतो आणि तिला बोलावणं धाडतो. ती जात नाही. मग तोच तिच्या माडीवर येतो. पुढं काय व्हायचं ते मालकाच्या मर्जीवर. पुढं बसलेली बडी मंडळी खूश व्हावी म्हणून मालक शेवटाला तिला आपल्या पायांवर पाडायचा. तीन प्रवेश ताठ उभी असलेली बाई चौथ्यात एकाएकी लोटांगण घालायची. माझा जीव नुसता जळायचा.

पण जळायचं खरं कारण होतं आमच्या बाईला. कलावंतिणीचं काम तीच करायची. आदल्या साली पलूसकडच्या एका गावच्या जत्रेत ती अशीच पायांवर पडली, आणि दुपारी पाटलाचा माणूस बिऱ्हाडावर आला. बाईला मळ्यात बोलावलंय म्हणाला. पाटलानं डोळ्यांनी बघितलं होतं ना, की ही शेवटी वाकते! मालक गप्प, कारण खेळाची सुपारी पाटलाच्या हातची. बाईनं घशात बोटं घातली, त्या माणसाच्या पुढ्यात भडाभडा ओकली आणि पटकी झाल्यासारखी निजून राहिली. पटकीच्या धाकानं तो पळाला, म्हणून सुटली.

औंदा पुन्हा त्याच गावची सुपारी आली. बाई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "शाहीर, एकदा वकून भागलं. दुसऱ्यांदा कोन इस्वास ठिवनार? तुमी वग असा बांधा, की फुडं बसल्यालं मानूस मला बोलवायला धजायचं न्हाई."

मी चार पायऱ्या बांधल्या. पहिल्या प्रवेशात सरदाराचा निरोप्या हात हलवीत परत जातो. दुसऱ्यात सरदार स्वतः येतो आणि तलवार दारात ठेवतो. तिसऱ्यात पायताण काढतो. चौथ्यात फेटा उतरवून खाली बसतो. तेव्हा कुठं ती बाजेवर बसल्या बसल्या होकाराचा विडा पुढं करते. ती एकदाही उठत नाही. प्रत्येक पायरीला तिच्या तोंडी एकच बोल दिला, "सरदार, पायरी ऱ्हायली." गाणी मात्र अशी रसाळ घातली, की विडा हातात पडेस्तोवर माणसाचा जीव टांगणीला लागावा. ती नाही म्हणत नव्हती, अहो. फक्त विडा तिच्या हातात होता.

मालक भडकला. "आरं, फड माजा, आन् मीच बाईफुडं पायतान काढू? लोकं काय म्हंतील?"

"लोक सरदाराला म्हणतील," मी म्हटलं.

"सरदार मीच हाय न्हवं!"

शेवटी बाईनंच निकाल लावला. "मालक, पायरी चुकली तर मी खेळाला उभी ऱ्हानार न्हाई." झक मारत तालीम सुरू झाली. भर दुपारी आमराईत, घाम पुसत. मालक तलवार ठेवायचा आणि पुढच्याच बोलात सवयीनं मिशीवर ताव देत बाजेवर तिच्या शेजारी बसायचा. उठवा त्याला. पुन्हा पहिल्यापासून. लिहिण्यानं माणूस थकत नाही, ह्या उठवण्यानं थकतो.

जत्रेला गेलो. गॅसबत्तीला रॉकेल मिळेना, म्हणून रात्रीचा खेळ गणगौळणीवर आटपला. अख्खा वग दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला, म्हणजे देवापुढच्या सकाळच्या खेळाला, देवळासमोर उघड्या उन्हात. सगळं गाव जमलेलं. पाटील पुढं लोडाला टेकून.

पहिली पायरी झाली. दुसऱ्या वेळी "सरदार, पायरी ऱ्हायली" म्हटल्यावर लोक हसले. तिसऱ्या वेळी तिच्या आधी लोकच ओरडले. मालकानं पायताण काढलं तेव्हा शिट्ट्या पडल्या. मला वाटलं, चला, एकदाचं जमलं.

चौथ्यात मालकाचा हात फेट्याकडं गेला, आणि पाटील उठला. पायताणासकट सरळ बाजेपुढं येऊन उभा राहिला. हात पसरून म्हणाला, "इडा हिकडं आन."

मालक मुकाट्यानं बाजूला सरला. ढोलकी थांबली. मी मागं सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांत उभा होतो. आता हिनं विडा दिला तर मळा, आणि नाही दिला तर भर जत्रेत पाटलाचा अपमान. बाईनं मालकाकडं बघितलं. मालक जमिनीकडं बघत होता. मग ती बसल्या जागेवरून, त्याच सुरात, त्याच ठसक्यात म्हणाली, "सरदार, पायरी ऱ्हायली."

मग मागून कुणीतरी रजेवर आलेला शिपाईगडी ओरडला, "पाटील, पायतान!"

आणि गाव सुटलं की हो! "पायतान काढा!" "फेटा उतरा, आवं पाटील!" बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. कुणाच्या मनात पाटलाची फजिती करायची नव्हती. सकाळपासून ते तोच खेळ बघत होते, आणि त्या खेळात विडा मागणाऱ्याला पायऱ्या उतराव्या लागत होत्या. पाटीलही आधी हसला. मग त्याचा हात फेट्यापर्यंत गेला, आणि समोर देऊळ, समोर आपलंच गाव दिसल्यावर तिथंच थांबला. नाचणाऱ्या बाईपुढं पाटलानं डोकं उघडं करायचं? तो वळला आणि लोडाला जाऊन टेकला. ढोलकीवाल्यानं घाईनं थाप मारली. मालकानं गावाला भिऊन चटदिशी फेटा उतरवला आणि खाली बसला. पण बाईनं विडा त्यालाही दिला नाही. मूठ मिटून तिनं लावणी संपवली.

दुपारी बिऱ्हाडावर माणूस आला नाही. जेवणही आलं नाही. त्या गावची सुपारी कायमची गेली, आणि मालक पुढं कितीतरी दिवस "तुज्या पायऱ्यांनी गाव घालवलं" म्हणून माझ्या डोक्याशी कटकट करायचा. करू दे. पुढच्या गावी त्यानं पुन्हा तिला पायांवर पाडलं आणि मी पुन्हा भांडलो. किती वर्षं भांडलो कुणास ठाऊक.

त्या दिवशी ऊन कलल्यावर बैल जुंपले. माणदेशाकडं निघायचं होतं. बाई गाडीत कधी झोपायची नाही. गाव मागं पडून पार दिसेनासं झालं तरी मागच्या वाटेवर नजर ठेवून बसायची, कुणी घोड्यावरून येतंय का बघत. त्या दिवशी गाडी वेशीतून बाहेर पडायच्या आत तिचा डोळा लागला. मूठ तशीच मिटलेली होती, आणि विडा आत चुरगळून गेला होता.