एका मात्रेला लागलेला वेळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तोंडी परीक्षेत पडला तर वर्ष जाईल, आणि मग घरचे गावी, उंद्रीला परत बोलावतील, ही भीती मनातून जात नसे.

प्रकल्प असा होता. एकाच संगणकाच्या पोटात दोन आभासी संगणक चालवायचे. दोघांनाही वाटतं, आपली मेमरी फक्त आपली. पण खालची यंत्रणा गुपचूप दोघांची पानं ताडून पाहते. दोन पानं अक्षर न् अक्षर सारखी निघाली, की एकच ठेवते आणि तेच दोघांना दाखवते. कोणालाच कळत नाही. मात्र एकानं त्या पानावर लिहायला घेतलं, की त्याला आधी वेगळी प्रत काढून द्यावी लागते. त्यात किंचित वेळ जातो. त्या अडखळण्यावरून ओळखायचं, की हेच पान आणखी कोणाकडे तरी होतं.

"सारखी पानं जुळतात, ठीक," सर म्हणाले होते. "जरासुद्धा वेगळी असली तर जुळत नाहीत, हे दाखवा. नाहीतर मी कसं मानू?"

युक्ती माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं काढली. ती लोणारकडची, सुलतानपूरची. तिच्या घरी 'मला' म्हणतात, आमच्या घरी 'मले'. "तू तुझ्या आईसारखं लिही, मी माझ्या," ती म्हणाली. "एका मात्रेचा तर फरक." तिनं तिच्या यंत्रात 'आई मला बोलावते' हे वाक्य पानभर भरलं. मी माझ्यात भरलं. भरताना ओठांत पुटपुटत होते, मले, मले.

दुपारचं भारनियमन सुरू झालं. पंखे थांबले. बॅटरीवर आमचा एकच संगणक घुमत राहिला.

मी माझ्या पानावर एक अक्षर लिहिलं. यंत्र अडखळलं.

पुन्हा पान भरलं, थांबलो, पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

"तू 'मले' लिहिलं का वं?" मी विचारलं.

"मी कशाला लिहू? हे बघ." तिचं पान तिनं उघडून दाखवलं. 'मला'च होतं. मग ती हसली. "आत तुझ्या गावचं कोणीतरी येऊन बसलंय बाई. तुझ्या आईचं ऐकायलंय."

मला हसू आलं नाही. त्या बंद खोलीत, त्या पेटीत, कोणीतरी माझंच वाक्य हातात धरून बसलं आहे असं वाटलं. 

"तुझं उघड की," ती म्हणाली.

मी उघडलं. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ: आई मला बोलावते. आई मला बोलावते.

  ओठ एक म्हणत होते आणि बोटं दुसरंच लिहीत होती. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून मी "मले नाही समजलं" म्हणाले होते, तेव्हा मागची बाकं किती वेळ हसली होती. तेव्हापासून बोलण्याआधी मी मनात एकदा थांबायची, 'मले'चं 'मला' करायला. ते थांबणं कधी बंद झालं, मला कळलंच नव्हतं.

मी एकेक अक्षर पाहत नव्यानं भरलं. आता यंत्र अडखळलं नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी दोन्ही पानं नीट पाहिली आणि मान डोलावली. बाहेर येऊन मी लगेच घरी फोन लावला.

"आई, झालं. सरांनी मला पास केलं."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.  यावेळी थांबली ती आई.

मग तिनं विचारलं, "कोण बोलून राह्यलं?"